तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये नेमके काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरमध्ये आपण मुलीकडे माद्रिदला जाणार आहात आणि एक दिवस यजमानांसह तोलेदोला जाऊन तेथील कॅथेड्रल पाहायचे ठरले आहे. मागे एकदा युरोपच्या सहलीत असेच एक भव्य कॅथेड्रल पाहताना पहिली पाच मिनिटे डोळे दिपले, पण अर्ध्या तासात सगळे खांब, सगळ्या मूर्ती आणि सगळ्या रंगीत काचा सारख्याच वाटू लागल्या. कानातला मार्गदर्शक सनावळ्या सांगत राहिला आणि बाहेर पडताना मनात काहीच उरले नाही. म्हणून आपण विचारले आहे की वास्तुकलेचे शिक्षण नसलेल्या माणसाने अशा वास्तूत काय पाहावे, दोन तास पुरतील का, आणि यजमानांच्या गुडघेदुखीमुळे काही अडेल का.

मी वास्तुसंवर्धनाचे काम करतो. गेली सत्तावीस वर्षे जुन्या दगडी इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे, आणि विद्यार्थ्यांना घेऊन मी तोलेदोला चार वेळा गेलो आहे. त्या अनुभवावरून प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आपली अडचण शिक्षणाच्या अभावाची नाही. पहिल्या भेटीत माझ्या शिकलेल्या विद्यार्थ्यांचेही असेच होते, कारण मार्गदर्शक आपल्याला वस्तू दाखवतो: ही मूर्ती, हे चित्र, ही कबर. शंभर वस्तू ओळीने पाहिल्यावर कोणाचेही मन थकते. वास्तू ही मात्र वस्तूंची मांडणी नसून बांधणाऱ्यांपुढे उभ्या राहिलेल्या अडचणींची उत्तरे असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायला सांगतो: येथे पाथरवटाची अडचण काय होती? अडचण कळली की समोरचा खांब, कमान किंवा झरोका तेथे का आहे ते कळते, आणि कळलेली गोष्ट लक्षात राहते.

अर्थात काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ढगाळ दिवस असेल तर मी पुढे सांगणार असलेल्या प्रकाशाच्या गोष्टी फिक्या दिसतील आणि दगडाच्या गोष्टी अधिक स्पष्ट दिसतील. मोठ्या सणाच्या दिवशी वास्तूचा बराचसा भाग पाहुण्यांना बंद असू शकतो, आणि रविवारी सकाळी तेथे उपासना चालते, त्यामुळे शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा आणि निघण्यापूर्वी कॅथेड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळा पाहून घ्याव्यात. आपल्याला चित्रकलेची विशेष आवड असेल तर माझ्या क्रमात थोडा बदल करावा लागेल, पण आपला प्रश्न वास्तूविषयी असल्यामुळे मी त्याच अंगाने उत्तर देतो.

आत जाण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर घालवावीत. तोलेदो हे ताहो नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवरचे दाट वस्तीचे गाव आहे. विसिगॉथ या जर्मॅनिक टोळीच्या राजांची ती राजधानी होती, पुढे जवळजवळ पावणेचारशे वर्षे ते मुस्लिम अमलाखाली राहिले, आणि 1085 मध्ये कास्तिलचा राजा सहावा आल्फोन्सो याने ते घेतले. कॅथेड्रलच्या जागी तेव्हा शहराची मुख्य मशीद होती. ती लवकरच चर्च म्हणून वापरात आली आणि सुमारे 140 वर्षे त्याच इमारतीत उपासना होत राहिली. 1226-27 च्या सुमारास राजा तिसरा फेर्नान्दो आणि आर्चबिशप रोद्रिगो खिमेनेझ दे रादा यांनी नव्या बांधकामाचा आरंभ केला. हा आर्चबिशप पॅरिसमध्ये शिकलेला होता आणि उत्तर फ्रान्समध्ये त्या काळी उभ्या राहत असलेल्या, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतील वास्तू त्याच्या परिचयाच्या होत्या. मध्यदालनाचे शेवटचे छत 1493 मध्ये पुरे झाले, म्हणजे पहिल्या दगडापासून सुमारे 266 वर्षांनी. काम सुरू करणाऱ्यांपैकी कोणीही ते पुरे झालेले पाहिले नाही. मेस्त्रे मार्तीन हा बांधकामाचा पहिला प्रमुख, त्यानंतरचा पेत्रुस पेत्री 1291 मध्ये वारला आणि त्याची समाधिशिळा याच वास्तूत आहे.

ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून पश्चिमेच्या चौकात उभे राहा, जेथे एका बाजूला नगरसभागृह आणि एका बाजूला आर्चबिशपचा वाडा आहे. समोर तीन दरवाजे दिसतील, त्यांतला मधला क्षमेचा. डाव्या हाताला सुमारे 90 मीटर उंचीचा मनोरा आहे, पण उजव्या हाताला त्याचा जोडीदार नाही. तेथे एक बुटका घुमट आहे. या विषमतेची मनात नोंद करून ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे. मग उजवीकडून, दक्षिणेच्या गल्लीने चालू लागा. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की एवढी मोठी वास्तू एका नजरेत कोठूनही मावत नाही. त्याबद्दल खंत वाटू देऊ नये, कारण हीच येथील पहिली अडचण आहे: भरलेल्या गावाच्या मधोमध, मशिदीच्या जुन्या जागेवर, 120 मीटर लांब आणि 59 मीटर रुंद अशी इमारत बसवायची होती. बाहेरून दिमाख दाखवायला जागा अपुरी होती, म्हणून सगळी श्रीमंती आत गेली.

पाहुण्यांना प्रवेश मिळतो तो याच दक्षिण बाजूच्या ‘पुएर्ता याना’ नावाच्या साध्या दरवाजातून. ‘याना’ म्हणजे सपाट. येथे पायऱ्या नाहीत, जमिनीच्या पातळीवरून आत जाता येते, आणि आपल्या यजमानांसाठी ही चांगली गोष्ट आहे. हा दरवाजा 1800 च्या सुमाराचा, म्हणजे वास्तूच्या मानाने अगदी अलीकडचा आहे. मात्र त्यामुळे आपण वास्तूत कुशीतून शिरतो, आणि बहुतेक पाहुणे गोंधळतात ते येथेच. म्हणून आत शिरल्यावर समोरच्या झगमगाटाकडे न जाता डावीकडे वळावे, पश्चिमेच्या भिंतीपर्यंत चालत जावे आणि क्षमेच्या दरवाजाला पाठ लावून पूर्वेकडे तोंड करावे. वास्तू बांधणाऱ्यांच्या मनातला प्रवेश हा आहे.

येथे आपली थोडी निराशा होईल. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल आपण पाहिले असेल, तर दारातून थेट वेदीपर्यंत जाणारी नजर आपल्याला आठवत असेल. तोलेदोत तसे होत नाही. मध्यदालनाच्या बरोबर मध्ये एक भिंत आडवी येते, कारण तेथे ‘कोरो’ आहे, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी दिवसातून अनेक वेळा एकत्र बसून स्तोत्रे म्हणण्याची बंदिस्त जागा. स्पेनमध्ये ही जागा दालनाच्या मध्यावर ठेवण्याची रीत रूढ झाली. वेदी आणि कोरो समोरासमोर, आणि त्या दोहोंमध्ये धर्मगुरूंचा मार्ग. अनेक प्रवासी म्हणतात की यामुळे दालनाचे सौंदर्य झाकले गेले. मला हे मत पटत नाही. ही वास्तू एका जागी उभे राहून पाहण्यासाठी नाही, तिच्याभोवती फिरण्यासाठी आहे. कोरोच्या बाहेरच्या भिंतीवर चौदाव्या शतकातील शिल्पपट्टे आहेत, ज्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोशेपर्यंतच्या कथा कोरल्या आहेत, आणि त्या चालत चालत वाचायच्या आहेत. आपल्याकडे मंदिरात प्रदक्षिणा घालताना जंघेवरची, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरची, शिल्पे जशी टप्प्याटप्प्याने दिसतात, तशीच ही योजना समजावी. म्हणजे आडवी आलेली भिंत अडथळा न वाटता वाट दाखवणारी वाटेल.

आता वजनाकडे वळू. या वास्तूत एकूण पाच समांतर दालने आहेत: मध्ये सर्वांत उंच, त्याच्या दोन्ही बाजूंना त्याहून कमी उंचीची, आणि अगदी बाहेर सर्वांत ठेंगणी. एका खांबाशेजारी उभे राहून बाहेरच्या दालनातून आतल्या दालनाकडे पाहिले की छत पायरीपायरीने वर चढताना दिसते. हे केवळ शोभेसाठी नाही. दगडी कमानछताची खोड अशी की ते खाली दाबतेच, पण त्याहूनही धोक्याचे म्हणजे ते खांबांना बाहेर ढकलते. उंच खांबाच्या माथ्यावर हा रेटा आला की खांब ओळंब्यातून बाहेर झुकू लागतो. जुन्या इमारतींच्या पाहणीत मी आयुष्यभर मोजत आलो आहे तो हाच झुकाव. येथे मधल्या दालनाचा रेटा बाहेरच्या, कमी उंचीच्या दालनांवरून उडत्या धिऱ्यांनी, म्हणजे अधांतरी घातलेल्या तिरप्या टेकू-कमानींनी, उतरवून अखेर बाहेरच्या जाड भिंतीत आणि जमिनीत नेला आहे. फ्रान्समधील बूर्झच्या कॅथेड्रलमध्येही पाच दालनांची अशीच उतरती रचना आहे. तोलेदोच्या बांधणाऱ्यांनी कल्पना उत्तरेकडून घेतली, पण मधले दालन फ्रान्सइतके उंच न चढवता रुंदी अधिक ठेवली. त्यामुळे येथे वर खेचले गेल्याचा भाव कमी आणि आजूबाजूला पसरत गेलेल्या जागेचा भाव अधिक येतो. मला ही संथ भव्यता फार आवडते.

हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. छतातील एक फासळी, म्हणजे कमानछताखालून उठून दिसणारी दगडी पट्टी, निवडा आणि ती खाली खांबात कोठे उतरते ते बोटाने हवेत गिरवत या. खांब गुळगुळीत गोल नसून बारीक दंडांच्या जुडग्यासारखा आहे असे लक्षात येईल, आणि त्यातला प्रत्येक दंड वरच्या कोणत्या तरी कमानीचा किंवा फासळीचा पाय आहे हेही दिसेल. दोन-तीन फासळ्यांचा असा माग काढला की खांब मुका राहत नाही. मान वर करून थकवा येत असेल तर पर्समधला छोटा आरसा तळहातावर आडवा धरून छत खाली पाहावे. मी विद्यार्थ्यांना हेच करायला सांगतो आणि यजमानांनाही ते बाकावर बसून करता येईल.

यानंतर कोरोला वळसा घालून पूर्वेच्या टोकाला, मुख्य वेदीच्या मागे असलेल्या अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्गात या. माझ्या मते या कॅथेड्रलमधली सर्वांत बुद्धिमान रचना येथे आहे, आणि बहुतेक लोक तिच्याखालून न पाहता निघून जातात.

अडचण अशी आहे. सरळ दालनात दोन-दोन खांबांच्या जोड्यांमधला खण आयताकृती असतो आणि त्यावर छत घालणे तुलनेने सोपे असते. पण दालन वेदीभोवती अर्धगोल वळवले की प्रत्येक खण वेडावाकडा होतो: आतली बाजू अरुंद, बाहेरची रुंद. अशा खणावर कमानी घातल्या तर आतली कमान चिंचोळी आणि बाहेरची ऐसपैस होते, दोघींची उंची जुळत नाही आणि कर्णांवरच्या फासळ्या मध्यावर भेटत नाहीत. तोलेदोत तर हा मार्ग दुहेरी आहे, म्हणजे एकाबाहेर एक असे दोन वळणदार पट्टे, त्यामुळे बाहेरच्या पट्ट्यात हा वाकडेपणा आणखी वाढणार.

आपण शिवणकाम केले असेल तर याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. परकराला घेर हवा असेल तर कापड ताणून घेर येत नाही. सरळ पट्ट्यांच्या मध्ये त्रिकोणी कळ्या घालाव्या लागतात. तोलेदोच्या पाथरवटांनी नेमके हेच केले. बाहेरच्या बाजूला खांबांची संख्या वाढवून त्यांनी प्रत्येक वाकडा खण तोडला, आणि एक आयत, एक त्रिकोण, पुन्हा आयत, पुन्हा त्रिकोण अशी छताची मांडणी केली. आयतावर नेहमीचे छत, त्रिकोणावर तीन बाजूंचे छोटे छत. वर पाहून हा क्रम मोजत चाला. मूळ योजनेत हीच लय भिंतीपलीकडच्या प्रार्थनाकक्षांतही उतरली होती: आयतासमोर मोठा अर्धगोल कक्ष, त्रिकोणासमोर लहान चौकोनी. पुढे श्रीमंत घराण्यांनी आणि कार्डिनलांनी शेजारचे कक्ष जोडून आपली भव्य समाधिमंदिरे उभारल्यामुळे ही लय काही ठिकाणी पुसली गेली आहे, पण छतात ती अजून अखंड आहे. घरी जाऊन कागदावर हा नकाशा काढून पाहा. ज्याने हे प्रथम रेखाटले त्याच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही.

तेथेच उभे राहून नजर थोडी वर न्यावी. आतल्या मार्गाच्या वरच्या बाजूस छोट्या कमानींची एक रांग आहे. तिच्या कमानी फुलाच्या पाकळ्यांसारख्या अनेक कंगोऱ्यांच्या आहेत आणि काही ठिकाणी त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. या कमानी उत्तर फ्रान्सच्या नाहीत. ती कोर्दोब्याच्या मशिदीची आणि मुस्लिम तोलेदोची भाषा आहे. गावात मुस्लिम कारागिरांचे हात पिढ्यान्‌पिढ्या काम करत होते आणि त्यांच्या शैलीची घरे, चर्च व सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) ख्रिस्ती अमलातही उठत होती. मशीद पाडून बांधलेल्या कॅथेड्रलच्या अगदी पवित्र भागात मशिदीची कमान पुन्हा आली आहे, आणि ती चुकून आलेली नाही. गावाला सुंदर वाटणारी कमान तीच होती. वेळ असेल तर कॅथेड्रलपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर असलेली ‘क्रिस्तो दे ला लूस’ ही चिमुकली मशीद अवश्य पाहा. तिच्या दर्शनी भागावर विटांमध्ये 999 हे वर्ष सांगणारा अरबी लेख आहे, आणि तशाच पाकळीदार, गुंतलेल्या कमानी तेथे मूळ रूपात दिसतात.

वेदीच्या कक्षातील खांबांवरच्या दोन पुतळ्यांचाही याच संदर्भात उल्लेख करतो. एक मेंढपाळाचा आहे, ज्याने 1212 च्या लास नावासच्या लढाईत ख्रिस्ती सैन्याला वाट दाखवली अशी कथा आहे. दुसरा एका मुस्लिम धर्मपंडिताचा आहे. परंपरा सांगते की 1085 च्या तहात मशीद मुस्लिमांकडेच राहील असे वचन राजाने दिले होते, राजा बाहेरगावी असताना राणी आणि आर्चबिशप यांनी ते मोडले, आणि संतापून परतलेल्या राजाला या पंडितानेच शांत करून रक्तपात टाळला. कथेचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेऊ नये. पण कॅथेड्रलच्या मुख्य वेदीशेजारी त्याचा पुतळा उभारून त्याची आठवण जपली गेली, ही गोष्ट दगडात आहे आणि ती मला प्रत्येक भेटीत थांबवते.

आता प्रदक्षिणामार्गाच्या मध्यावर, बरोबर मुख्य वेदीच्या पाठीमागे या. येथे संगमरवर, जास्पर हा रंगीत दगड आणि कांस्य यांचा एक प्रचंड उसळता देखावा उभा आहे: देवदूत, किरण, ढग, मेरी आणि बालयेशू. याला ‘त्रान्सपारेन्ते’ म्हणतात. नार्सिसो तोमे याने आपल्या कुटुंबीयांच्या साहाय्याने 1721 ते 1732 या काळात ते पुरे केले. आजूबाजूच्या संयत गॉथिक दगडात हे अठराव्या शतकातले बरोक, म्हणजे नाट्यमय आणि अलंकारप्रचुर शैलीतले काम पाहून अनेकांना, माझ्या शिक्षकांनाही, ते विजोड वाटत आले आहे. येथेही तोच प्रश्न विचारावा: अडचण काय होती?

मुख्य वेदीमागे येशूच्या जीवनप्रसंगांनी भरलेला, रंगवलेल्या आणि सोनेरी मुलामा दिलेल्या लाकडी शिल्पांचा उंच पडदा आहे, जो तोलेदोचा तेव्हाचा आर्चबिशप कार्डिनल सिस्नेरोस याच्या काळात 1504 च्या सुमारास पुरा झाला. या पडद्यात ख्रिस्तशरीर मानलेल्या पवित्र भाकरीची मंजूषा ठेवलेली असते. पडद्यामुळे ती समोरून शोभिवंत झाली, पण मागच्या प्रदक्षिणामार्गात फिरणाऱ्या भाविकाला तेथे पवित्र वस्तू आहे याची जाणीवच होईना, आणि मंजूषेच्या जागी प्रकाशही पुरेसा पोहोचेना. तेव्हा पडद्याच्या पाठीत एक उघडी जागा करून मंजूषेपर्यंत प्रकाश न्यायचे ठरले. पण प्रकाश आणायचा कोठून? हा भाग वास्तूच्या पोटात आहे आणि तेथे छत ठेंगणे आहे.

तोमेने छतच कापले. देखाव्याकडे पाठ करून वर पाहा, म्हणजे प्रदक्षिणामार्गाच्या जुन्या छतात पाडलेले मोठे भोक दिसेल, त्याच्या कडेने रंगवलेल्या आणि घडवलेल्या आकृती आहेत आणि वर बांधलेल्या झरोक्यातून, जो खालून दिसत नाही, ऊन आत ओतले जाते. दगडी छताला भोक पाडणे ऐकायला वेडेपणा वाटतो. माझ्या कामात एखाद्या जुन्या छतातील चार दगड काढायचे असले तरी आधी खालून आधार उभारावा लागतो आणि प्रत्येक दगड काढल्यावर तडे तपासावे लागतात. पण फासळ्यांच्या छताचा गुण असा की वजन मुख्यतः कमानींच्या चौकटीतून खांबांकडे जाते आणि चौकटींमधला भरणा तुलनेने हलका असतो. भोकाच्या कडा नीट बांधून घेतल्या आणि शेजारच्या कमानींचा तोल राखला, तर छत उभे राहू शकते. तोमेच्याही पाचशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांची रचना अचूक होती म्हणूनच तोमेला तिला भोक पाडता आले, आणि ते छत आज जवळजवळ तीनशे वर्षे तसेच उभे आहे. मी हे काम विजोड मानत नाही. सकाळी ऊन असताना येथे पोहोचलात तर संगमरवरी किरणांवर खरे किरण पडलेले दिसतील, आणि कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. याच कारणासाठी मी माद्रिदहून सकाळची गाडी घेण्याचा आग्रह धरतो.

येथपर्यंत साधारण सव्वा तास जाईल. बाकीच्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो, कारण त्या वास्तूपेक्षा कलाकृती म्हणून पाहायच्या आहेत. कोरोमधील खालच्या आसनांवर रोद्रिगो आलेमान याने ग्रानादाच्या, म्हणजे स्पेनमधील शेवटच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या, युद्धाचे 54 प्रसंग अक्रोडाच्या लाकडात कोरले आहेत. 1489 मध्ये काम सुरू झाले तेव्हा ते युद्ध अजून चालू होते, म्हणजे ही शिल्पे जवळजवळ बातमीसारखी कोरली गेली. वरची आसने पुढच्या शतकात आलोन्सो बेरुगेते आणि फेलिपे बिगार्नी यांनी अर्धी अर्धी वाटून घेतली, आणि दोघांच्या हातांमधला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. वस्त्रागारात एल ग्रेकोचे ‘एल एस्पोलिओ’ हे चित्र आहे, 1577 ते 1579 मधले. धर्मगुरू जेथे उपासनेची वस्त्रे चढवतात त्या खोलीसाठी येशूची वस्त्रे उतरवली जात असल्याचा प्रसंग निवडला गेला. जागा आणि विषय यांचा हा संबंध लक्षात घेऊन ते पाहावे. खजिन्याच्या कक्षात एन्रिके दे आर्फेने 1515 नंतर घडवलेली अडीच मीटरांहून उंच अशी चांदीची मिरवणूक-मंजूषा आहे. ती मात्र वास्तूच्या दृष्टीनेही पाहा, कारण सोनाराने तिच्यात धिरे, कळस आणि कमानींसह एक संपूर्ण गॉथिक मनोरा लहान मापात उतरवला आहे, आणि मोठ्या वास्तूत उंचीमुळे न दिसलेले बारकावे येथे डोळ्यांच्या पातळीवर येतात. फिरताना छतापासून लोंबणाऱ्या जुन्या लाल टोप्या दिसल्या तर दचकू नये. ज्या कार्डिनलची कबर खाली आहे त्याची ती टोपी असते आणि ती आपोआप गळून पडेपर्यंत तेथेच राहते.

वेळेविषयी सांगायचे तर दोन तास पुरतील, पण अडीच ठेवावेत आणि त्यातली वीस मिनिटे निव्वळ बसण्यासाठी राखून ठेवावीत. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून जलद गाडीने सुमारे अर्ध्या तासात तोलेदो येते. स्थानक नदीच्या पलीकडे, खाली आहे आणि गाव टेकडीवर आहे, म्हणून यजमानांना चढायला लावू नका. बस किंवा टॅक्सीने वर जा, किंवा टेकडीच्या कडेने गावात नेणारे सरकते जिने वापरा. कॅथेड्रलच्या आत जमीन सपाट आहे. मनोऱ्यावरची चढण मात्र त्यांनी टाळावी. आपण एकट्या गेलात तर 1753 मध्ये ओतलेली, तडा गेलेली प्रचंड घंटा पाहायला मिळेल आणि गल्लीतून न दिसलेले उडते धिरे वरून दिसतील. नोव्हेंबरात आत चांगलाच गारठा असतो, तेव्हा शाल जवळ असू द्या. छोटी दुर्बीण असल्यास तीही घ्या, कारण काचांमधली चित्रे आणि छताच्या फासळ्यांचे सांधे तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत. कानातला मार्गदर्शक पहिल्या फेरीत बंद ठेवा आणि दुसऱ्या फेरीत सुरू करा. तेव्हा त्याने सांगितलेल्या सनावळ्यांना टेकायला जागा असेल.

जेवण आणि क्रिस्तो दे ला लूस आटोपल्यावर दुपारी पुन्हा त्याच पश्चिमेच्या चौकात या. सकाळी सावलीत असलेला दर्शनी भाग आता उन्हात असेल. आपण मनात नोंद केलेला उजवीकडचा बुटका घुमट पाहा. तेथे जोडीचा मनोरा उठलाच नाही. त्याच्या जागी कार्डिनल सिस्नेरोसने सोळाव्या शतकाच्या आरंभी एक प्रार्थनाकक्ष स्थापन केला आणि त्यावरच्या घुमटाचा आराखडा पुढे एल ग्रेकोच्या मुलाने केला. मुस्लिम अमलात शेकडो वर्षे राहूनही ज्या तोलेदोकर ख्रिस्ती लोकांनी, म्हणजे मोझाराबांनी, विसिगॉथ काळापासूनची आपली उपासनापद्धती जपली होती, त्यांच्यावर अकराव्या शतकात विजेत्यांनी रोमची पद्धती लादली आणि जुनी पद्धती गावातल्या मोजक्या चर्चपुरती उरली. सिस्नेरोसने तिचे ग्रंथ छापून घेतले आणि तिला ही जागा दिली. त्या घुमटाखाली ती उपासना आजही त्याच जुन्या क्रमाने होते.